पाठाआधीचा पाठ

शाळेची घंटा होते. परिपाठ आटोपतो, हजेरी घेतली जाते आणि गुरुजी खडू हातात घेऊन फळ्याकडे वळतात. त्यानंतरच्या पस्तीस-चाळीस मिनिटांत वर्गात जे घडते ते पालकांच्या, अधिकाऱ्यांच्या आणि पाहुण्यांच्या नजरेस पडते. परंतु त्या मिनिटांची जुळणी आदल्या सायंकाळी, आदल्या आठवड्यात, कित्येकदा तर जून महिन्यातच झालेली असते आणि ती पाहावयास सहसा कोणी जात नाही. शाळेच्या व्यवहारात या जुळणीच्या नोंदीस 'टाचण' म्हणतात. थोडक्यात करून ठेवलेली नोंद, असाच या शब्दाचा जुना अर्थ आहे.

प्रस्तुत लेखक शिक्षक नाही. माहिती खात्यातील कामाच्या निमित्ताने इमारतींची उद्घाटने, प्रवेशोत्सव, गुणगौरव समारंभ अशा प्रसंगी शाळांत जाणे होते. टाचणवहीशी संबंध येतो तो एवढाच, की मुख्याध्यापकांच्या टेबलावर तांबड्या शाईच्या सह्या असलेल्या वह्यांची एक चळत दिसते. ही वही म्हणजे तपासणीपुरता ठेवावयाचा एक कागद, अशीच समजूत अनेकांप्रमाणे माझीही होती. बीड जिल्ह्यातील एका वस्तीवरील द्विशिक्षकी शाळेत दसऱ्यानंतरच्या आठवड्यात दोन दिवस काढण्याचा योग आला आणि त्या समजुतीस बराच तडा गेला. त्या शाळेत पाहिलेल्या एका पाठाच्या आधाराने, पाठ कसा आखला जातो हे येथे सांगावयाचे आहे.

नियोजनाचे तीन थर

शिक्षकाचे नियोजन तीन थरांचे असते. पहिले वार्षिक नियोजन. त्यात वर्षभराचा अभ्यासक्रम महिन्यांत वाटलेला असतो. दुसरे घटक नियोजन. एखादा घटक, उदाहरणार्थ 'दोन अंकी संख्या', किती तासिकांत शिकवावयाचा, त्याचे उपघटक कोणते, कोणते साहित्य लागेल आणि शेवटी मुलांना आले की नाही हे कसे तपासावयाचे, याचा तो आराखडा होय. तिसरे दैनिक टाचण, म्हणजे आज किंवा उद्या प्रत्यक्ष वर्गात काय करावयाचे याची नोंद.

या आखणीमागे मोठी परंपरा आहे. जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट (१७७६-१८४१) यांनी अध्यापनास मानसशास्त्राचा आधार द्यावा असा विचार मांडला आणि त्सिलर व राइन या त्यांच्या अनुयायांनी त्यातून पाठाच्या पाच पायऱ्या निश्चित केल्या. पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन ही ती 'हर्बार्टची पंचपदी'. अध्यापक विद्यालयांतून शिकून बाहेर पडलेल्या आपल्याकडील शिक्षकांच्या कित्येक पिढ्यांनी सराव पाठांचे कागद याच पायऱ्यांवर रंगविले. पुढे १९५६ साली अमेरिकेत बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले आणि १९५७ मध्ये ब्लूम यांनी भारतात येऊन मूल्यमापनविषयक कार्यशाळा घेतल्या. ज्ञान, आकलन, उपयोजन हे आपल्या टाचणवहीतील नित्याचे शब्द त्या वर्गीकरणातून आलेले आहेत. २००१ मध्ये त्यात सुधारणा होऊन नामांच्या जागी क्रियापदे आली. 'ज्ञान' जाऊन 'आठवणे' आले, 'आकलन' जाऊन 'समजणे' आले. अर्थात आपल्याकडील वह्यांत जुने शब्द अद्याप सुखेनैव नांदत आहेत.

पंचपदीने शिक्षकास पाठाचा क्रम दिला, ब्लूम यांनी उद्दिष्टांची भाषा दिली. मात्र दोहोंचा एक अनिष्ट परिणाम असाही झाला, की सगळे पाठ एकाच साच्यातून काढलेले दिसू लागले. प्रस्तावनेत तीन प्रश्न विचारावयाचे, तिसऱ्या प्रश्नास मुले निरुत्तर झाली की 'आज आपण अमुक शिकणार आहोत' असे हेतुकथन करावयाचे, मग प्रतिपादन, मग संकलन, मग स्वाध्याय. सराव पाठाच्या वेळी मुलांनाही हा क्रम पाठ झालेला असतो आणि तिसऱ्या प्रश्नास निरुत्तर कसे व्हावयाचे हे ती उत्तम जाणतात.

कायदा काय म्हणतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ मध्ये संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये सांगितलेली आहेत. त्यांतील दोन शेजारी शेजारी उभी आहेत आणि त्यांत शिक्षकाची सारी कसोटी आहे. एक कर्तव्य असे, की संपूर्ण अभ्यासक्रम विहित मुदतीत पूर्ण करावा. लगेच पुढचे असे, की प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता पारखून त्यास आवश्यक तेथे पूरक अध्यापन द्यावे. पहिले कर्तव्य शिक्षकास पुढे चालावयास सांगते, दुसरे थांबावयास सांगते. किती चालावयाचे आणि कोठे थांबावयाचे, हा निर्णय म्हणजेच नियोजन.

याच अधिनियमाच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे किमान २०० कार्यदिन व ८०० अध्यापन तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास ठरवून दिलेले आहेत. शिक्षकाने आठवड्यास किमान ४५ तास काम करावे असेही त्यात म्हटले आहे. मात्र हे ४५ तास पूर्वतयारीचा वेळ धरून आहेत, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात नसते. याचा अर्थ असा, की टाचण काढणे, साहित्य जमविणे, वह्या पाहून उद्याचा पाठ बदलणे हे शिक्षकाने फावल्या वेळात करावयाचे काम नसून ते त्याच्या कामाचाच भाग आहे, हे कायद्याने मान्य केलेले आहे. व्यवहारात या वेळेवर सर्वेक्षणे, माहितीचे तक्ते, ऑनलाइन नोंदी अशी अनेक कामे हक्क सांगतात. त्यांतील काही कामे आमच्यासारख्या कार्यालयांतूनच मागितली जातात, हेही येथे कबूल करावयास हवे.

अनुसूचीप्रमाणे प्राथमिक शाळेत ६० पर्यंत मुले असल्यास दोन शिक्षक मिळतात. इयत्ता मात्र चार असतात. तेव्हा प्रत्येक शिक्षकाच्या वाट्यास किमान दोन इयत्ता येतात आणि त्या एकाच खोलीत, एकाच वेळी बसतात. मी पाहिलेल्या शाळेत गुरुजींकडे पहिली व दुसरी, आणि बाईंकडे तिसरी व चौथी होती. गुरुजींच्या टाचणवहीचे पान मध्ये उभी रेघ मारून दुभागलेले होते. डावीकडे दुसरीचा पाठ, आणि उजवीकडे त्याच वेळी पहिलीच्या मुलांनी आपले आपण काय करीत बसावयाचे, त्याची नोंद. या उजव्या बाजूला अधिक विचार लागतो असे गुरुजी म्हणाले. शिकविताना चूक झाली तर ती लगेच सुधारता येते, परंतु पहिलीला दिलेले काम दहा मिनिटांत संपले तर दुसरीचाही पाठ संपतो.

मुले कोण आहेत

वार्षिक नियोजनाचे पान उघडून गुरुजींनी मला पहिली गोष्ट दाखविली ती ही, की त्यांच्या वर्षाचे दोन भाग आहेत आणि ते पहिल्या व दुसऱ्या सत्राशी जुळत नाहीत. 'कोयता जाईपर्यंत' आणि 'कोयता गेल्यावर' असे ते भाग होत. बीड जिल्ह्यात ऊसतोडीस जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीसच 'कोयता' म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसे साखर कारखान्यांच्या भागात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. घरी आजी-आजोबा असतील किंवा हंगामी वसतिगृहाची सोय झाली असेल तर मुले मागे राहतात. तसे नसेल तर तीही पालापर्यंत जातात. गुरुजींच्या दुसरीतील सतरा मुलांपैकी सहा जाणार हे त्यांना जुलैमध्येच ठाऊक होते.

पाठ्यपुस्तकातील क्रमाने गेल्यास दोन अंकी संख्यांच्या लेखनाचा सराव दिवाळीच्या पुढेमागे रेंगाळला असता. गुरुजींनी तो घटक अलीकडे ओढला. आकार, मापन, नाणी-नोटा हे भाग मागे ठेवले. त्यांचे कारण साधे होते. नाणी-नोटांचा व्यवहार मूल कारखान्याच्या तळावरही शिकेल, कदाचित वर्गातल्यापेक्षा लवकर शिकेल. परंतु 'दशक' ही कल्पना तेथे त्याला कोणी देणार नाही आणि ती नसेल तर एप्रिलमध्ये परतल्यावर बेरीज-वजाबाकीत ते पूर्ण हरवेल. अभ्यासक्रमातील कोणताही भाग त्यांनी वगळला नाही, केवळ क्रम बदलला. या एका निर्णयात मुले, विषय आणि अभ्यासक्रमाचे उद्दिष्ट या तिहींचा विचार झालेला आहे, आणि तो कोणत्याही छापील टाचणात सापडणार नाही.

मुलांच्या जगण्याप्रमाणे शाळेनेच वळावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले व पुढे अनुताई वाघ (१९१०-१९९२) यांच्या साथीने ते काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखावयास जात आणि शाळेत येऊ शकत नसत, तेव्हा शाळाच कुरणात नेण्यात आली. ती 'कुरणशाळा' म्हणून ओळखली गेली. पाने, बिया, शंख, खडे हे तिचे शैक्षणिक साहित्य होते. पुस्तकी भाषेत ज्यास 'विद्यार्थ्याचे पूर्वज्ञान' म्हणतात ते शोधण्याचा हा एक मार्गच होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ मध्ये, शिकणाऱ्यास आधीपासून काय ठाऊक आहे हाच शिक्षणातील सर्वांत महत्त्वाचा घटक होय, असे प्रतिपादन केले. कुरणात बसलेल्या शिक्षिकांनी तो ग्रंथ येण्यापूर्वीच त्याचा अवलंब केलेला होता.

गुरुजींनी मुलांचे पूर्वज्ञान कसे शोधले, तेही सांगण्यासारखे आहे. पुस्तकात दहाचा गठ्ठा आहे. मुलांनी 'गठ्ठा' हा शब्द ऐकलेला होता, पण तो त्यांच्या तोंडी नव्हता. त्यांच्या तोंडी 'मोळी' होती. उसाची मोळी बांधलेली त्यांनी पाहिली होती, एखादी उचलूनही पाहिली होती. गुरुजींनी ज्वारीच्या धाटांचे बोटभर तुकडे कापून आणले, त्यांना 'कांड्या' असे नाव दिले आणि दहा कांड्यांची एक मोळी असा वर्गाचा नियम केला. 'दशक' हा शब्द चार दिवस उशिरा आला, परंतु आला तेव्हा त्याला बसावयास जागा तयार होती.

विषयातील खाच

आता विषयाकडे वळू. शिक्षक-प्रशिक्षणात 'आशय विश्लेषण' नावाचा एक भाग असतो आणि बहुतेक टाचणांत तो दोन ओळींत उरकलेला आढळतो. वस्तुतः पाठाचा जीव येथेच असतो, असे माझे मत या भेटीनंतर झाले आहे.

दोन अंकी संख्या लिहिण्यात अवघड ते काय, असे आपणां मोठ्यांस वाटते. दुसरीतल्या एका मुलीस गुरुजींनी 'पंचवीस' लिहावयास सांगितले. तिने ५२ लिहिले. 'त्रेचाळीस' सांगितले, तिने ३४ लिहिले. ही निष्काळजीपणाची चूक नव्हती. तिने जे ऐकले तेच, ज्या क्रमाने ऐकले त्याच क्रमाने, डावीकडून उजवीकडे लिहिले. पंचवीस या शब्दात पाच आधी येतात आणि वीस मागून येतात. संस्कृत परंपरेत संख्या शब्दांत सांगताना एककापासून आरंभ करून डावीकडे सरकण्याचा प्रघात होता. त्याचाच वारसा मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली या भाषांतील संख्यानामांत दिसतो. कन्नड व तेलुगू भाषांत वीस आधी आणि पाच मागून येतात, त्यामुळे तेथील मुलांस या खाचेतून जावे लागत नाही. युरोपातही जर्मन भाषेत आपल्यासारखीच उलटी रीत आहे. नॉर्वेने तर १९५१ साली अधिकृत निर्णय घेऊन आपल्या संख्यानामांचा क्रम बदलला. दूरध्वनी क्रमांक सांगताना होणारा घोटाळा हे त्याचे एक निमित्त होते.

आपल्याकडे २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पाठ्यपुस्तकात 'वीस पाच' अशा धर्तीचे संख्यावाचन रूढ नावांच्या जोडीने देण्यात आले, तेव्हा मोठा वाद उठला. वृत्तपत्रांतून विनोद झाले, विधिमंडळातही चर्चा झाली. बालभारतीच्या गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्या वेळी बाजू मांडली ती अशी, की जोडाक्षरांनी भरलेली आणि लेखनाच्या उलट क्रमाची संख्यानामे लहान मुलांस जड जातात. त्यामुळे गणिताची भीती बसते. जुनी नावे काढून टाकलेली नाहीत, मुलांस दोन्ही वाटा मोकळ्या आहेत. भाषेच्या अभिमानाचा प्रश्न म्हणून त्या वादाकडे पाहिले गेले. प्रत्यक्षात तो एका सात वर्षांच्या मुलीच्या पाटीवरील ५२ चा प्रश्न होता. वादात मी त्या वेळी कोणत्या बाजूस होतो, हे सांगावयास आज थोडा संकोच वाटतो.

मराठी संख्यानामांत आणखीही आडवळणे आहेत. अकरा, बारा, तेरा यांत दहा ऐकूच येत नाही. एकोणतीस म्हणताना कानावर 'तीस' पडते आणि लिहावयाचे असतात दोन व नऊ. एकोणनव्वद म्हणतो त्या हिशेबाने शंभराच्या आधीची संख्या एकोणशंभर व्हावयास हवी, तर ती नव्व्याण्णव होते. ही सारी आडवळणे मनाशी मांडल्यावरच, कोणत्या संख्या आधी घ्यावयाच्या हे ठरविता येते. गुरुजींच्या टाचणात पहिल्या दिवसासाठी निवडलेल्या संख्या अशा होत्या: २५, ४३, ३६, ५२, ३४, ६३. अकरा ते एकोणीस नाहीत, कारण त्यांची नावे ऐकून काही उमगत नाही. एकोणतीस, एकोणचाळीस नाहीत. ३०, ४० नाहीत, कारण शून्याची वेगळी अडचण आहे. आणि २२, ३३, ४४ मुळीच नाहीत. असे का, म्हणून विचारले. ते म्हणाले, "साहेब, चव्वेचाळीस उलटे लिहिले तरी बरोबरच दिसते. मूल चुकले की बरोबर आले, मला कसे कळावे?"

निवडलेल्या संख्यांत २५ व ५२, ४३ व ३४, ३६ व ६३ अशा जोड्या आहेत, हे मला नंतर वहीकडे पुन्हा पाहिल्यावर दिसले.

'समजते' म्हणजे काय

तिसरी बाजू उद्दिष्टांची. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०१७ मध्ये प्राथमिक स्तराच्या अध्ययन निष्पत्ती प्रसिद्ध केल्या. त्यांत दुसरीच्या मुलाने ९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्यात व लिहाव्यात आणि त्यांच्या लेखनात व तुलनेत स्थानिक किमतीचा उपयोग करावा, अशी अपेक्षा आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचा रोखही इयत्ता तिसरीअखेर पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान साधण्यावर आहे. ही झाली राज्याची व देशाची उद्दिष्टे. ती उद्याच्या पस्तीस मिनिटांत उतरवावयाची म्हणजे त्यांचे तुकडे करावे लागतात.

पुष्कळ टाचणांत 'विद्यार्थ्यांस स्थानिक किंमत समजते' असे उद्दिष्ट लिहिलेले असते. हे वाक्य निरुपद्रवी आहे आणि निरुपयोगीही आहे, कारण समजणे डोळ्यांस दिसत नाही. म्हणूनच प्रशिक्षणात 'उद्दिष्टे व स्पष्टीकरणे' अशी जोडी शिकविली जाते. उद्दिष्ट साध्य झाल्यास मूल काय करून दाखवील, ते स्पष्टीकरणात लिहावयाचे. गुरुजींच्या वहीत त्या दिवसाखाली एवढेच होते: 'संख्या ऐकून मोळ्या व कांड्या मांडतो. मांडलेले पाहून अंकांत लिहितो. २५ व ५२ यांत मोठी कोणती ते मोळ्या दाखवून सांगतो.' चौथे काही नव्हते. 'गणिताची आवड निर्माण होते' हे वाक्यही नव्हते. ते दरवर्षी लिहिले जाते आणि दरवर्षी तपासावयाचे राहून जाते.

या तीन वाक्यांतच पाठाची युक्ती आहे. ऐकणे आणि लिहिणे यांच्यामध्ये गुरुजींनी 'मांडणे' ही पायरी घातली. ऐकल्याबरोबर पाटीला हात लावावयाचा नाही. आधी मोळ्या डावीकडच्या चौकोनात, मग सुट्या कांड्या उजवीकडच्या चौकोनात, आणि त्यानंतर जे दिसेल ते लिहावयाचे. कानाने आलेला उलटा क्रम डोळ्यांच्या सुलट्या क्रमाने मोडून काढावयाचा, असा तो डाव होता.

पाठ प्रत्यक्षात

दुसऱ्या दिवशी हा पाठ झाला. पहिलीची मुले चिंचोके मोजून त्यांचे दहा-दहाचे ढीग करीत बसली. हे कामही उगाच निवडलेले नव्हते. पुढच्या वर्षीच्या मोळीची ती तयारी होती. दुसरीची मुले जमिनीवर खडूने काढलेल्या दोन मोठ्या चौकोनांभोवती गोल करून बसली. गुरुजींनी 'पंचवीस' म्हटले. कालच्या त्या मुलीस पुढे बोलावले. तिने दोन मोळ्या घेतल्या, पाच कांड्या घेतल्या, योग्य त्या चौकोनांत ठेवल्या आणि आपल्या जागी परत बसून पाटीवर लिहिले, ५२.

गुरुजी क्षणभर गप्प राहिले. मग ते उठून तिच्या मागे जाऊन उभे राहिले आणि तिच्या बाजूने चौकोनांकडे पाहिले. गोलात ती त्यांच्या समोर बसलेली होती. त्यांची डावी बाजू ती तिची उजवी होती. तिच्या जागेवरून पाच कांड्याच आधी दिसत होत्या. तिने याही वेळी जे दिसले तेच प्रामाणिकपणे लिहिले होते.

टाचणात ही गोष्ट आलेली नव्हती. येणेही कठीण होते. गुरुजींनी मुलांस उठविले, सगळ्यांना भिंतीकडे पाठ करून एका ओळीत बसविले आणि पाठ पुन्हा सुरू केला. यात सात-आठ मिनिटे गेली. तुलनेचा भाग, म्हणजे तिसरे स्पष्टीकरण, त्या दिवशी झालेच नाही. एखाद्या पाहुण्या तपासनिसाने 'पाठ अपूर्ण' असा शेरा मारला असता तर तो नियमास धरूनच झाला असता.

सायंकाळी टाचणवही पुन्हा उघडली गेली. टाचण पाठाच्या आधी लिहितात. पाठानंतर त्यात भर घालणारे शिक्षक किती असतील, याची मला कल्पना नाही. त्या पानाच्या तळाशी गुरुजींनी लिहिले: 'गोलात बसवू नये. डावे-उजवे उलटते. पाच मुले अजून उलट लिहितात. तुलना उद्या.' पहिलीच्या रकान्यात: 'चिंचोके पुरले नाहीत.'

तयार टाचणांविषयी

पूर्वी छापील मार्गदर्शिकांतून टाचणे उतरवून काढली जात. आता ती मोबाइलवर आयती येतात. इयत्ता, विषय, तारीख सारे भरलेले असते, केवळ सही करावयाची. शिक्षकांस याबद्दल दोष देणे सोपे आहे. परंतु ज्या वहीकडे वर्षातून दोनदा केवळ सही आहे की नाही एवढ्यासाठीच पाहिले जाते, ती वही कोणी मनापासून का लिहावी? दोन इयत्ता, सारे विषय आणि रोजची पाने असा हिशेब केला तर वर्षाकाठी लिहावयाची पाने शेकड्यांनी भरतात. गुरुजीही सर्व पाठांचे टाचण असे तपशिलाने काढीत नाहीत. परिसर अभ्यासाची त्यांची काही पाने चार-चार ओळींची होती आणि एक पान तर कोरेच होते. ज्या घटकात मूल अडखळून कायमचे मागे पडेल असे त्यांस वाटते, त्या घटकावर ते रात्र खर्च करतात. बाकीचे अनुभवावर निभावून नेतात. हा निवाडाही नियोजनाचाच भाग मानावयास हरकत नसावी, मग नमुन्यातील रकाने रिकामे का राहिनात.

प्रत्येक मुलाकडे लक्ष द्यावे असे आपण भाषणांतून म्हणतो. तीस मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांच्या तासिकेत प्रत्येकाच्या वाट्यास एक मिनिट दहा सेकंद येतात. ती कोणाकोणास, कशासाठी द्यावयाची आणि त्या वेळी उरलेल्यांनी काय करावयाचे, हे आधी ठरविले नसेल तर ती पहिल्या बाकावरच संपून जातात.

मी निघालो त्या दिवशी तुलनेचा पाठ झाला. २५ व ५२ यांत मोठी कोणती, असे विचारल्यावर त्या मुलीने दोन्ही संख्या मांडल्या आणि पाच मोळ्यांवर हात ठेवला. तिचे कुटुंब पुढील आठवड्यात निघणार होते. स्थलांतर करणाऱ्या मुलांस जेथे जातील तेथील शाळेत प्रवेश मिळावा म्हणून शिक्षण हमी कार्ड देण्यात येते. तिचे कार्ड गुरुजींनी तयार करून ठेवले होते. त्यास टाचणीने एक चिठ्ठी लावलेली होती. कोणत्या कारखान्याजवळची शाळा, तेथील शिक्षक कोण, हे कोणासच ठाऊक नव्हते, म्हणून वर नाव नव्हते. मजकूर असा होता: 'ही मुलगी आधी मांडते, मग बरोबर लिहिते. ऐकून लगेच लिहावयास सांगू नये. एकोणतीस, एकोणचाळीस अद्याप घेतलेले नाहीत. दशकास ती मोळी म्हणते.'